कायद्यात बसते, म्हणून काय झाले?

पौष वद्य पंचमीस त्यागराजस्वामींच्या आराधनेसाठी तिरुवैयारुला माणसांचा पूर लोटतो. या बाजूस बदलून आलेली आम्हां मराठी नोकरदारांची चार कुटुंबेही त्या दिवशी कावेरीकाठी जमतात. या वेळी गायन आटोपल्यावर विषय निघाला तो बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या करचुकवणुकीचा. एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी लगेच दुरुस्ती केली, ‘‘चुकवणूक म्हणू नका. ते सारे कायद्यात बसते. मग तक्रार कसली?’’ हे वाक्य हल्ली सुशिक्षितांच्या तोंडी इतके रुळले आहे, की त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

उदाहरण आपल्या मुंबईचेच घेऊ. २००७ साली व्होडाफोनने हचिसन-एस्सार या मुंबईच्या दूरध्वनी कंपनीतील हचिसनचा हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरांस घेतला. ग्राहक इथले, मनोरे इथले, परवाने भारत सरकारचे. विकला गेला मात्र केमन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीचा एकुलता एक शेअर. घेणारी कंपनी नेदरलँड्सची. आयकर खात्याचे म्हणणे असे, की विक्रेत्यास पैसे देतानाच घेणाऱ्याने कर कापून घ्यावयास हवा होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली खात्याची बाजू उचलून धरली. २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे या व्यवहारावर भारतात कर बसत नाही, असे ठरले.

देताना कर कापून घेणे! वाचकहो, हा नियम आपल्याइतका कोणास ठाऊक असणार? आमच्यापैकी कित्येकांची हयात इतरांची पगारपत्रके तयार करण्यात जाते. कापावयाची रक्कम कापली गेली नाही, की खुलासा मागणारे पत्र आलेच म्हणून समजावे. ज्याचा पगार आयकराच्या मर्यादेत येत नाही, तो शिपाईही साबणाच्या वडीवर वस्तू व सेवा कर मोजतोच. आपले उत्पन्न केमनमध्ये झाले असे म्हणण्याची सोय आम्हांस नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणतो, की भविष्यनिर्वाह निधीत पैसे घालून कर वाचविणारा कारकून तरी वेगळे काय करतो? उत्तर सोपे आहे. त्या सवलती लोकांनी बचत करावी म्हणून संसदेने उघडपणे दिल्या आणि कारकुनाने खरोखरच बचत केली. केमनच्या कागदाने भारतात एकही मनोरा उभा केला नाही. मॉरिशसची कथा याहून बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातली माणसे उसाच्या मळ्यांत राबावयास त्या बेटावर गेली. १९८३ पासून लागू झालेल्या करारानंतर तेथे भांडवल गेले ते केवळ पत्त्यासाठी. कारण शेअरविक्रीच्या नफ्यावर भारतास कर घेता येत नव्हता आणि मॉरिशस तो घेत नव्हते. ही वाट बंद करण्याची दुरुस्ती २०१६ साली झाली.

न्यायालयास आम्ही दोष देत नाही. कायदा काय आहे, हे न्यायालयाने सांगितले. तो कसा असावा, हे त्यास विचारलेच नव्हते. दोष आहे तो सरकारचा. २०१२ साली त्याने कायदा बदलला, तो थेट १९६२ पासून लागू होईल असा. खेळ संपल्यावर नियम बदलणे हा न्याय नव्हे. २०२० साली हेगच्या लवादात भारत हरला आणि २०२१ साली सरकारने आपणहून ती मागील तारखेची मागणी सोडून दिली. वेळीच भोक बुजविले असते तर ही शोभा टळली असती.

कर मागितला तर भांडवल पळून जाईल, ही तिसरी भीती. भांडवल येथे येते ते कोट्यवधी ग्राहकांसाठी. केमनमध्ये ते ग्राहक नाहीत. मोठ्या कंपन्यांवर निदान १५ टक्के कर असावा, हे २०२१ साली १३० हून अधिक देशांनी मान्य केले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढले, यावरून दडपण कोणावर कोणाचे असते ते दिसते.

शेवटी, ज्या भूमीवर हा वाद झाला तिच्याकडे पाहू. १७९९ साली सरफोजी राजांनी एका परदेशी व्यापारी कंपनीशी तह केला. तंजावरचा कारभार व वसूल कंपनीकडे गेला. राजांना वार्षिक एक लाख पॅगोडा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. कागद रीतसर होता, सह्या रीतसर होत्या. सारे कायद्यात बसत होते. कायदा लिहिताना लेखणी कोणाच्या हाती होती, एवढाच प्रश्न होता. आजही तोच आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : मागील तारखेचा कर नको, पुढील तारखेचा स्पष्ट कायदा हवा. कोणत्या देशात किती नफा झाला व किती कर भरला, याचा तपशील बड्या कंपन्या खात्यास देतात; तो जनतेसमोर मांडला जावा. आमच्या पगाराचा आकडा सर्वांस ठाऊक असतो. त्यांचाही कळू द्या. कायद्यात बसते, हे उत्तर वाद संपविण्यास पुरेसे नाही. तो कायदा कोणाच्या मापाने बेतला, हे विचारण्याचा अधिकार कर भरणाऱ्या प्रत्येकास आहे.