मोह आणि हक्क

गरिबाने सुखाची इच्छा धरली की तिला मोह म्हणावयाचे आणि धनिकाने धरली की महत्त्वाकांक्षा म्हणावयाचे, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. अलीकडच्या दोन भारतीय कादंबऱ्या ह्या रीतीचीच झाडाझडती घेतात.

विवेक शानभाग ह्यांच्या ‘घाचर घोचर’ ह्या कन्नड कादंबरीतील बंगळूरचे कुटुंब गरिबीत एकजीव असते. चहाची फिरती विक्री करणाऱ्या वडिलांचा हिशेब जुळेना, तर सारे घर तो जुळवावयास बसते. पुढे वडिलांची नोकरी जाते आणि काकांच्या मसाल्याच्या धंद्यातून पैसा येतो. मग कमावत्या काकांना जपणे हाच घराचा धर्म होतो. त्यांना शोधीत दारी आलेल्या स्त्रीला घरच्या बायका शिव्या देऊन हाकलतात आणि काम न करता पगार घेणारा निवेदक मुकाट राहतो. हे घर दारिद्र्यात टिकले. श्रमाशी नाते तुटलेल्या पैशाने नासले.

अरविंद अडिगा ह्यांच्या ‘द व्हाइट टायगर’ ह्या इंग्रजी कादंबरीला २००८ साली बुकर पारितोषिक मिळाले. तिच्यातील बलराम हलवाई हा ड्रायव्हर मालकाचा खून करतो आणि त्याचे सात लाख रुपये घेऊन बंगळूरला टॅक्सीचा धंदा उभारतो. गावातील आपल्या माणसांवर सूड उगवला जाईल हे ठाऊक असूनही तो थांबत नाही. ह्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि त्यामागचा हिशेबही पाहावयास हवा. रिक्षा ओढणारा त्याचा बाप सरकारी रुग्णालयात डॉक्टरवाचून क्षयाने मरतो, कारण डॉक्टरांच्या गैरहजेरीचाही तेथे सौदा झालेला असतो. बलरामचे मतसुद्धा परस्पर विकले जाते.

निमूट चाकरी किंवा खून, ह्या दोनच वाटा बलरामला दिसतात. संघटनेची तिसरी वाट लेखकाने दाखविली नाही, असा आक्षेप घेणे सोपे आहे. परंतु ह्या कादंबरीतील लाचखाऊ पुढाऱ्याला सारे जण ‘थोर समाजवादी’ म्हणूनच ओळखतात! ज्यांनी तिसरी वाट बांधावयाची त्यांनीच ती विकली, हा त्यातला डंख आहे. कार्यकर्त्यांनी तो परतवून न लावता सोसला पाहिजे. मालकाची वाट पाहत गाडीत ताटकळणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत, चार घरची भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत आपली संघटना किती पोहोचली?

इच्छा आवरण्याचा उपदेश गरिबाला पुष्कळांनी केला आहे. त्याच्या इच्छेला सामुदायिक हक्काचे रूप देणे हे समाजवाद्यांचे काम आहे. ते अंगावर घेतल्यावाचून बलरामच्या नीतीचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार त्यांना पोहोचत नाही.