टॉन्सिल्समधला मुक्कामी पाहुणा

शाळा सुरू झाल्या, पहिला पाऊस पडला की घरोघरी घसे धरायला लागतात. आजी म्हणते "गाठी सुजल्या", आई डॉक्टरांना "गंटलु नोवु" सांगते, आणि बाबा दुकानातून मागच्या खेपेचीच अँटिबायोटिकची पट्टी घेऊन येतात. आज त्या पट्टीविषयी थोडे.

पडजिभेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी म्हणजे टॉन्सिल्स. तशीच गाठ नाकाच्या मागे असते, ती अॅडेनॉइड. नाका-तोंडातून आत शिरणाऱ्या जंतूंची ओळख पटवणे हे त्यांचे काम. लहानपणी त्या मोठ्याच असतात, वय वाढेल तशा आक्रसतात. नुसती गाठ मोठी दिसली म्हणून आयांनी घाबरू नये.

या गाठींची एक गंमत 1953 साली कळली. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वॉलेस रोव, रॉबर्ट ह्यूबनर आणि त्यांचे सहकारी सर्दीच्या विषाणूंच्या शोधात होते. विषाणू वाढवायला जिवंत मानवी पेशी लागतात, म्हणून मुलांच्या शस्त्रक्रियेत काढलेले अॅडेनॉइड त्यांनी प्रयोगशाळेत जोपासले. बाहेरून कोणताही विषाणू घातला नव्हता. तरी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पेशी आपोआप मरू लागल्या. चोर घरातच होता! अॅडेनॉइडमध्ये सापडला म्हणून 1956 मध्ये त्याचे नाव अॅडेनोव्हायरस पडले. ताप, घसादुखी आणि लाल डोळे एकदम आले की डॉक्टरांना याचाच संशय येतो.

पुढे दिसले की हा पाहुणा टॉन्सिल्समधल्या पांढऱ्या पेशींत काही त्रास न देता दीर्घकाळ मुक्काम करतो. करोनाच्या साथीतही ब्राझीलमधल्या संशोधकांना, टॉन्सिल्स काढायला आलेल्या पण कोविडची लक्षणे नसलेल्या काही मुलांच्या गाठींत तो विषाणू मिळाला. म्हणजे गाठीत विषाणू आहे, पण मूल खेळतेय, असेही असते.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. चार दिवसांत घसा बरा होतो तो आपणहून, आणि श्रेय पट्टीला मिळते! मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, भरपूर पातळ पदार्थ आणि तापाला डॉक्टर सांगतील तेवढे पॅरासिटामॉल, बहुतेक वेळा एवढे पुरते.

मात्र दुसरी बाजूही आहे. घसा दुखतो म्हणून दवाखान्यात येणाऱ्या मुलांपैकी साधारण दहात दोन-तीन जणांना स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संसर्ग असतो. तिथे अँटिबायोटिक हवेच, आणि पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्या तर पुरे दहा दिवस. तिसऱ्या दिवशी मूल हसू लागले म्हणून गोळ्या थांबवल्या, की संधिवाताचा ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपा बिघडण्याचा धोका राहतो. गाठींवरचे पांढरे ठिपके पाहून घरी निदान करू नये, अॅडेनोव्हायरसमध्येही ते दिसतात. खोकला-सर्दी नाही, ताप एकदम चढला, मानेतल्या गाठी दुखतात, असे असेल तर घशातला नमुना तपासायला सांगतात. लाळही गिळवत नसेल किंवा श्वासाला आवाज येत असेल तर मात्र त्याच क्षणी इस्पितळ गाठावे.

"काढून टाका एकदाच्या" असेही पालक म्हणतात. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दर वर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षे दर वर्षी तीन वेळा घसा जोरात आला असेल, तरच डॉक्टर तो विचार करतात. झोपेत घोरताना श्वास अडकत असेल तर हा हिशेब लावत बसू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना लवकर दाखवावे.