क्लिक मोजण्याआधी माणूस शोधा

ईमेल पाठवून आपला धंदा, संस्था, मासिक किंवा मंडळ चालवणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. ईमेल सेवेच्या रिपोर्टात 'क्लिक' या रकान्याखाली दिसणाऱ्या आकड्यावर विसंबून कुणाला शाबासकी देऊ नका, कुणाला बोल लावू नका आणि कुणाचं नाव यादीतून उडवू नका. त्यातले कितीतरी क्लिक माणसांनी केलेलेच नसतात.

असं का होतं ते आधी समजून घ्या. तुमच्या ईमेलमधली लिंक सहसा थेट तुमच्या वेबसाइटवर जात नाही. ती आधी ईमेल सेवेच्या सर्व्हरवर जाते, अमुक पत्त्यावरून क्लिक झाल्याची तिथे नोंद होते आणि मग तुमचं पान उघडतं. ही नोंद नेमकी व्हावी म्हणून प्रत्येकाला वेगळी लिंक दिलेली असते. पण फसव्या लिंकांमुळे लोकांचे पासवर्ड आणि पैसे जातात, म्हणून कंपन्या, बँका आणि कॉलेजांमध्ये आलेल्या ईमेलमधल्या लिंक सुरक्षा यंत्रणा स्वतः उघडून तपासतात. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, प्रूफपॉइंट, माइमकास्ट, बॅराकुडा ही त्यातली परिचित नावं. लिंक उघडली यंत्राने, पण क्लिक मांडला जातो माणसाच्या नावावर.

ही यंत्रणा बरेचदा साध्या ब्राउझरसारखीच वागते. कारण तपासणी चालू आहे असा सुगावा लागला तर भामटे तिला निर्धोक पान दाखवून मोकळे होतात. म्हणूनच असे क्लिक शंभर टक्के निवडून काढणं ईमेल सेवा देणाऱ्यांनाही जमत नाही.

किती जणांनी ईमेल उघडला, हा आकडा तर आधीच बेभरवशाचा झाला होता. सप्टेंबर २०२१मध्ये ॲपलने आयओएस १५ सोबत एक सोय दिली. ती चालू असेल तर ईमेलमधली चित्रं ॲपलच्या सर्व्हरमार्फत आधीच उतरवली जातात. ईमेल उघडल्याची नोंद करणारं अदृश्य चित्रही त्यात आलंच. मग निदान क्लिक तरी खरा, असं धरून लोक चालले. तोही आधार कच्चा आहे.

याने काय बिघडतं? समजा, भोसरीतल्या एका कारखान्याने सुट्या भागांचा नवा कॅटलॉग मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागांना पाठवला. सकाळी दहाला ईमेल गेला आणि पुढच्या चार-पाच सेकंदांत एकाच पत्त्यावरून कॅटलॉग, नकाशा, फेसबुक पान, गोपनीयता धोरण अशा सगळ्या लिंकवर क्लिक दिसले. विक्री विभागातल्या पोराने उत्साहाने फोन लावला, "साहेब, आत्ताच आमचा कॅटलॉग पाहिलात ना?" साहेबांनी तो ईमेल अजून उघडलेलाही नाही. आपल्यावर कुणी पाळत ठेवतंय की काय, ही शंका मात्र त्यांच्या मनात बसली.

मंडळांचंही तेच. स्नेहसंमेलनाच्या ईमेलमध्ये 'येणार' आणि 'येणार नाही' अशा दोन लिंक दिल्या, तर यंत्र दोन्ही उघडतं. मग जेवणाची पानं किती धरायची? अभिप्रायासाठी एक ते पाच तारे दिले, तर पाचही तारे दाबले जातात. सगळ्यात वाईट म्हणजे 'यादीतून नाव काढा' ही लिंकही उघडली जाते आणि आवडीने वाचणारा माणूस त्याच्या नकळत यादीबाहेर पडतो.

म्हणून काही गोष्टी आजपासूनच करा. रिपोर्टात एकूण बेरीज पाहून थांबू नका, क्लिकची वेळ पाहा. ईमेल पोचताच झालेले, एका दमात सगळ्या लिंकवर झालेले किंवा एकाच कंपनीच्या अनेक पत्त्यांवरून एकाच वेळी आलेले क्लिक बाजूला काढा. कंपन्यांचे पत्ते आणि खासगी पत्ते यांचे आकडे वेगवेगळे मांडा. ईमेल सेवेत बॉट, म्हणजे यंत्रांचे क्लिक, गाळण्याची सोय असेल तर ती चालू करा. त्यानंतर आकडा घसरला तर घाबरू नका. तुमचे वाचक कमी झालेले नाहीत, फुगवटा कमी झाला आहे.

दुसरं, नुसती लिंक उघडल्याने कुठलंही काम पार पडेल अशी रचना ठेवू नका. लिंकने फक्त पान उघडावं, पुढची कृती माणसाने बटण दाबल्यावरच व्हावी. नोंदणी, मतदान, हजेरी, नाव काढणं, सगळ्यांना हे लागू आहे. ईमेल ॲपमध्येच दिसणाऱ्या अनसबस्क्राइब बटणासाठी याच अडचणीचा विचार करून २०१७ साली एक तांत्रिक मानक तयार झालं. गूगल आणि याहू यांनी २०२४पासून मोठ्या संख्येने प्रचाराचे ईमेल पाठवणाऱ्यांना ते बंधनकारक केलं आहे. तुमची सेवा ते पाळते का, हे विचारून घ्या.

तिसरं, एजन्सीला क्लिकच्या हिशेबाने पैसे देत असाल तर यंत्रांचे क्लिक कसे वगळले, हे लेखी मागा. आणि ग्राहकाला त्याच्याकडची तपासणी बंद करायला चुकूनही सांगू नका. ती त्याच्या रक्षणासाठी आहे. आपला रिपोर्ट नीटनेटका दिसावा म्हणून त्याला धोक्यात घालणं अजिबात योग्य नाही.

शेवटी, मोजायचंच असेल तर आलेली उत्तरं मोजा, ऑर्डरी मोजा, भरलेले फॉर्म आणि जमा झालेली वर्गणी मोजा. ईमेलच्या अखेरीस एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर धाडायला सांगा. दहा जणांनी मनापासून लिहिलेल्या दोन ओळी हजार क्लिकपेक्षा जास्त सांगून जातात. पुढचा ईमेल काय लिहायचा आणि कुणाला पाठवायचा, हे त्या ओळी वाचून ठरवा.