शीतकपाटाची पाठ

गेल्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आमच्या शीतकपाटाने दगा दिला. हळदीकुंकवासाठी केलेले पन्हे कोमट, चक्का आंबूस. आणि त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे दारातल्या कप्प्यात सासूबाईंच्या इन्सुलिनच्या कुप्या! न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. ग्वाल्हेरचा उन्हाळा, पारा 45 अंशांकडे निघालेला. डॉक्टरांना विचारून त्या कुप्या टाकल्या आणि नव्या शेजारच्या वहिनींकडे ठेवल्या. कारागिराने पाहताक्षणीच 'गॅस गेला' असा निकाल दिला.

गॅस गेला नव्हता. यजमानांनी कपाट भिंतीपासून ओढले तेव्हा मागच्या काळ्या जाळीवर आंधीची धूळ घोंगडीसारखी बसलेली दिसली. आतले कप्पे मी दर पंधरवड्याला सोड्याच्या कोमट पाण्याने पुसत असे. पाठीकडे मात्र वर्षानुवर्षे पाहिले नव्हते!

शीतकपाट थंडी निर्माण करीत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते, आणि ती बाहेर पडते या जाळीतूनच. तिच्यावर धूळ साचली, की यंत्र अधिक वेळ चालते, बिल वाढते आणि गारवा कमी होतो. म्हणून चैत्र लागण्यापूर्वी व दिवाळीच्या झाडलोटीत, प्लग काढून, मऊ कोरड्या ब्रशने जाळी झाडावी. भिंतीपासून निदान चार-सहा बोटे अंतर असावे. जाळी न दिसणाऱ्या नव्या कपाटांत ही नळी बहुधा बाजूच्या पत्र्यामागे असते. बाजू हाताला गरम लागतात त्या त्यामुळेच. तेथे पोती-डबे खेटून ठेवू नयेत.

दाराच्या रबरी पट्टीची परीक्षा सोपी आहे. दहाची नोट दारात धरून दार लावावे. नोट सहज निसटली तर पट्टी ढिली समजावी. आमच्या पट्टीच्या घडीत आमरस वाळून बसला होता. साबणाच्या पाण्याने पुसल्यावर दार पुन्हा घट्ट बसू लागले. पट्टी कडक होऊन तडकली असेल, तर मात्र बदलावीच.

बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड होऊ देऊ नये. कपाट बंद करून तो आपोआप वितळू द्यावा. सुरी किंवा उलथणे लावण्याचा मोह अनेकींना होतो, पण खालची नळी फुटली की खरोखरच गॅस जातो. आणि अलीकडच्या पुष्कळ कपाटांतला वायू ज्वालाग्राही असतो. ज्यांच्या कपाटात बर्फ साठत नाही, त्यांनी मागच्या बाजूची पाण्याची थाळी पाहावी. डेंगीचे डास तिथे आनंदाने वाढतात! ती आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी.

त्या रात्रीच पन्हे पुन्हा गार झाले. सासूबाईंच्या नव्या कुप्या आता मधल्या कप्प्यात, एका डब्यात असतात. दारात नाहीत, कारण दार उघडताच उष्ण वारा प्रथम तिथेच लागतो. आणि बर्फाच्या कप्प्यालगतही नाहीत, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.