जुन्नरचा घोडा आणि दोन मुसलमान

साडेपाचशे वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, जुन्नरमध्ये एका ख्रिस्ती व्यापाऱ्याचा घोडा जप्त झाला. व्यापारी रशियातल्या त्वेर शहरचा, नाव अफनासी निकितीन. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला. हा माणूस त्याच्या पंचवीसेक वर्षे आधी चौलला उतरून, घाट चढून आपल्या भागात आला होता. होर्मुझहून जहाजातून आणलेला तो घोडा हेच त्याचे मोठे भांडवल.

जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होते. इथला कारभार महमूद गवानच्या हाताखालच्या असद खानाकडे होता. घोड्याचा मालक मुसलमान नाही हे कळताच खानाने घोडा काढून घेतला आणि अट घातली. मुसलमान झालास तर घोडा परत मिळेल, वर हजार सोन्याची नाणी. नाही झालास तर घोडा गेलाच, शिवाय हजार नाणी तूच भरायची. विचार करायला मुदत चार दिवस.

त्याच दिवसांत मुहम्मद नावाचा खोरासानचा एक वजनदार माणूस तिथे आला. निकितीनने त्याच्यापुढे हात जोडले. तो खानाकडे गेला, रदबदली केली. धर्मांतर टळले आणि घोडाही परत मिळाला. निकितीनने हे सगळे स्वतः लिहून ठेवले आहे. सुटकेला तो देवाचा चमत्कार म्हणतो, पण त्या मुसलमानाचे नाव लिहायला विसरत नाही.

मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्या संघर्षावर कुणाला ऐतिहासिक कादंबरी लिहायची असेल, तर तिचे बीज आपल्या उंबऱ्यावर असे पडलेले आहे. निकितीनवर १९५७ साली ‘परदेसी’ हा भारत आणि सोव्हिएत संघाचा संयुक्त चित्रपट आला होता. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक ख्वाजा अहमद अब्बास. पृथ्वीराज कपूर त्यात महमूद गवान झाले होते. रेवदंड्याला निकितीनचे स्मारकही आहे. जुन्नर-आंबेगावात मात्र त्याचे नाव काढले तर लोक ‘कोण?’ असे विचारतात.

आंबेगाव तालुक्यातला माझा एक तरुण मित्र याच प्रसंगावर कादंबरी लिहायला बसला आहे. त्याने मला विचारले, “असद खान गाळला तर चालेल का? आपल्याविरुद्ध लिहिणारे काय कमी आहेत?”

हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. मराठी ऐतिहासिक कादंबरीचे मोल मुसलमान वाचकाने वेगळ्या नाण्यांत चुकते केले आहे. इतर वाचकांसाठी ती करमणूक असते, फार तर अभिमान. आपल्या पोरांच्या वाट्याला मात्र पुस्तकातला खलनायक वर्गातही येतो. शिवनेरीच्या सहलीत, गडाच्या पायऱ्यांवर, कुणीतरी सोबती सहज विचारतो, ‘तुमचा तो खान...’ ‘तुमचा’ हा शब्द कादंबरीकाराने लिहिलेला नसतो, पण तो त्याच्या पुस्तकातूनच उगवलेला असतो. असे वर्षानुवर्षे ऐकलेल्या समाजातला लेखक लिहायला बसला, की त्याला पहिला मोह गाळण्याचा होणारच.

तरीही माझे उत्तर आहे, नाही चालणार.

एक कारण अगदी साधे आहे. असद खान काढला तर खोरासानच्या मुहम्मदला गोष्टीत काही कामच उरत नाही. जुलूम नसेल तर रदबदली कसली? आपल्यातला भला माणूस दाखवायचा असेल, तर तो ज्याच्यासमोर उभा राहिला तो आपल्यातलाच जुलमी माणूसही दाखवावा लागेल. उलट बाजूनेही तेच. उद्या एखादा लेखक असद खान ठेवील आणि खोरासानी गाळील. घोडा, धमकी आणि ‘मुसलमान हो’ एवढेच वाक्य घेऊन तो तीनशे पाने रंगवील, आणि प्रसंग खरा आहे म्हणून छातीही ठोकील. त्याला खोटे ठरवायचे तर आपल्या हातात पूर्ण गोष्ट हवी. अर्ध्या गोष्टीला दुसरी अर्धी गोष्ट हे उत्तर होत नाही.

दुसरे कारण दीनाचे आहे. धर्माच्या बाबतीत बळजबरीला मनाई करणारी सूरह बकराची आयत आपण प्रत्येक व्याख्यानात सांगतो. असद खानाने ती मोडली. मग त्याची लाज झाकण्याची जबाबदारी आपल्यावर कुणी टाकली? तो बहमनी सत्तेचा अधिकारी होता. घोडे समुद्रापलीकडून येत आणि मोठ्या किमतीला विकले जात. हाती आलेला उमदा घोडा आणि हजार नाणी यांचा लोभ त्याने धर्माच्या कापडात गुंडाळला, असे मला वाटते. कादंबरीकाराला वेगळे वाटू शकते. त्याने खानाच्या मनात शिरून पाहावे. त्याचे काम तेच आहे.

आपल्या वाचनात या विषयाची एक जुनी वाट आहे, ती उर्दूची. वॉल्टर स्कॉटची ‘द टॅलिस्मन’ ही क्रूसेडवरची कादंबरी १८२५ ची. स्कॉटने सलाहुद्दीनला उदार रंगवले होते, तरी अब्दुल हलीम शरर यांना ती मुसलमानांना कमी लेखणारी वाटली. उत्तर म्हणून त्यांनी १८८८ मध्ये ‘मलिकुल अजीज वर्जिना’ लिहिली. पुढे नसीम हिजाजींनी स्पेनमधल्या मुस्लिम सत्तेच्या ऱ्हासावर कादंबऱ्या लिहिल्या. त्या वाचून घराघरांत डोळे ओले झाले. त्या पुस्तकांचा राग समजतो. पण त्यांत माणसे थोडी आणि गाजी व गद्दारच जास्त. शिवाय त्यांनी आपल्याला गरनाता दाखवले, चौल नाही. मराठी मुसलमानाला स्पेनच्या पराभवावर रडता येते, पण जुन्नरहून घाट उतरून गेले की लागणाऱ्या कोकण किनाऱ्यावर काय घडले हे सांगता येत नाही.

तिथे तर खरेखुरे युद्ध झाले. निकितीननंतर वीसेक वर्षांनी मलिक अहमदने याच जुन्नरमधून निजामशाहीचा पाया घातला. तिचे बंदर चौल, आणि त्याला लागूनच रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट. १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशाहाच्या फौजेने त्या कोटाला वेढा दिला. त्याच मोहिमेत विजापूरचा अली आदिलशाह गोव्यावर चालून गेला, आणि कालिकतचा हिंदू राजा सामुद्री या दोन सुलतानांच्या बाजूने लढत होता. चौलचा वेढा १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत चालला आणि तहावर मिटला. कोट पडला नाही. फरिश्ता लिहितो की निजामशाही सरदारच लाच खाऊन रात्री पोर्तुगीजांना रसद पोचू देत होते. आता सांगा, यात ‘इस्लाम विरुद्ध ख्रिस्ती धर्म’ एवढी सरळ रेघ कुठे ओढणार?

ओढलीच, तर गार्सिया द ऑर्ताला कुठल्या बाजूला बसवणार? हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि बुऱ्हान निजामशाहाच्या दरबारात त्याचा मानाने राबता होता. औषधी वनस्पतींवरचे त्याचे पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. तो वारला, आणि १५८० मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. त्याचे घराणे मुळात ज्यू होते, आणि तो मनाने ज्यूच राहिला असा ठपका त्याच्यावर होता. मुसलमान सुलतानाने ज्याला जवळ केले, त्याला स्वतःच्या धर्मपीठाने कबरीतही सोडले नाही.

आणि इथेच माझ्या मित्राला दुसरी सूचना. असद खान गाळू नकोस म्हणालो, तसेच पोर्तुगीज रंगवताना हात सैल सोडू नकोस. मराठीत पोर्तुगीज खलनायक करणे फार सोपे आहे. त्याने देवळे पाडली, मशिदी पाडल्या, बाटवाबाटवी केली. हे खरे आहे आणि लिहिलेच पाहिजे. पण त्याचे ओझे आज कुणाच्या डोक्यावर जाईल? रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलणारी ख्रिस्ती घरे आहेत. वसईत मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आहे. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ धर्मामुळे त्यांच्या निवडीला विरोध झाला होता. ‘तुमचा खान’ ऐकत वाढलेल्या लेखकाने कोर्लईच्या पोराला ‘तुमचा फिरंगी’ ऐकण्याची पाळी आणावी, यासारखी खंत दुसरी नसेल.

या मातीतच याहून मोठी शिकवण पडलेली आहे. सतराव्या शतकात थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचतो, ते १६१६ मध्ये छापले जाते. त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद ओवीतच ‘योगसंग्राम’ लिहितात. तोफा चालत होत्या त्या काळात एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान एकाच छंदात आपापला देव सांगत होते. संघर्षाच्या कादंबरीत हेही यायला हवे. गोडवा म्हणून नव्हे, तर ते घडले म्हणून.

निकितीनचेच पाहा. या मुक्कामात त्याला ईस्टरची तारीख समजेना, त्याने मुसलमानांबरोबर रोजे धरले. त्याच्या लिखाणात अरबी, फारसी, तुर्की दुआ रशियन प्रार्थनेत मिसळलेल्या आहेत. तो मनाने किती बदलला यावर अभ्यासक अजून वाद घालतात. असद खानाला धमकावून जे जमले नाही, त्यातले थोडेफार सहवासाने झाले असेल काय? कादंबरीला याहून चांगला प्रश्न मिळणार नाही.

खोरासानचा मुहम्मद खानाकडे गेला तेव्हा तो नेमके काय बोलला, हे निकितीनने लिहिलेले नाही. त्याने आयत ऐकवली असेल, गवानच्या नाराजीची भीती घातली असेल, किंवा परदेशात एकट्या पडलेल्या माणसाची कणव सांगितली असेल. ते प्रकरण माझ्या मित्राने आधी लिहावे. दोघांनाही पुरते बोलू द्यावे, खानालासुद्धा.