पहिला प्रश्न अनिवार्य

आपल्या पेपरवर सगळ्यात वर एक सूचना छापलेली असते : प्रश्न क्रमांक १ अनिवार्य, उरलेल्यांपैकी कोणतेही तीन सोडवा. अल्बमचंही तसंच असतं. मधली गाणी पुढेमागे करा, दोन-तीन सरळ ऑप्शनला टाका, कुणी काही म्हणणार नाही. पहिलं गाणं मात्र ऑप्शनला टाकता येत नाही. बँडने तुमच्यासाठी दार उघडलेलं असतं आणि आत काय आहे ते तिथेच कळतं.

मित्रहो, आमच्या ग्रुपमध्ये गेली दोन वर्षं एकच वाद चालू आहे : आयर्न मेडनच्या कोणत्या अल्बमची सुरुवात सगळ्यात भारी? स्टीव्ह हॅरिसने हा बँड लंडनमध्ये १९७५ च्या नाताळात काढला. १९८० पासून २०२१ च्या 'सेनजुत्सू'पर्यंत सतरा स्टुडिओ अल्बम झाले. म्हणजे सतरा सुरुवाती. सबमिशनच्या आदल्या दिवशीसुद्धा भांडायला एवढं भांडवल पुरेसं आहे.

आमचा बोरिवलीकर 'पॉवरस्लेव्ह'च्या (१९८४) 'एसेस हाय'शिवाय दुसरं नाव ऐकून घेत नाही. गाणं १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईचं, आणि वेगही तसाच. पण त्याचं खरं कारण घरचं आहे. १ फेब्रुवारी २००८ ला मेडनने आपला जागतिक दौरा चक्क मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला, तेव्हा त्याचा मोठा भाऊ त्या गर्दीत होता. बँड स्वतःच्या बोइंग ७५७ मधून जग फिरत होता, आणि ते उडवणाऱ्यांत गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः होता! आधी चर्चिलचं भाषण वाजलं आणि मग 'एसेस हाय'. त्या दौऱ्यावर २००९ मध्ये 'फ्लाइट ६६६' नावाची फिल्म आणि लाइव्ह अल्बम आला, त्यातलं 'एसेस हाय' मुंबईचंच रेकॉर्डिंग आहे. त्यात जो एक आवाज जास्त फाटतो तो आपल्या दादाचा, असं बोरिवलीकर शपथेवर सांगतो. आता याच्याशी काय वाद घालणार?

तरी घालतो. माझं म्हणणं असं की 'एसेस हाय' ही स्टेजची सुरुवात आहे. मुलुंडच्या कालिदासमध्ये तिसरी घंटा झाली की अंगावर काटा येतो, तसं चर्चिल संपल्यावर होतं. पण 'पॉवरस्लेव्ह'च्या अल्बमवर चर्चिल नाही. आणखी एक गोष्ट. मेडनमध्ये लागोपाठ दोन स्टुडिओ अल्बमवर तीच पाच माणसं असं पहिल्यांदा 'पॉवरस्लेव्ह'लाच झालं. म्हणजे घर लागलेलं, जो तो आपापल्या जागी. कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं.

घाटकोपरवाला 'मूनचाइल्ड'चा (१९८८). तो अल्बम ज्या साध्या गिटारच्या तुकड्याने सुरू होतो त्याच तुकड्यावर संपतो, म्हणून तो आम्हाला मेट्रोत अंधेरी येईपर्यंत 'क्लोज्ड लूप' समजावतो. मान्य. पण त्यातली गंमत कळायला शेवटपर्यंत थांबावं लागतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या पानावर लिहिलं तर परीक्षक काय म्हणेल?

माझी थिअरी वेगळी आहे. मेडनचा पहिला ट्रॅक म्हणजे बहुतेक वेळा नव्या माणसाची व्हायवा असते. यादी बघा. 'किलर्स'ला (१९८१) एड्रियन स्मिथ नवा, 'नंबर ऑफ द बीस्ट'ला (१९८२) डिकिन्सन नवा, 'पीस ऑफ माइंड'ला (१९८३) ड्रमर निको मॅक्ब्रेन नवा, १९९० ला जॅनिक गर्स, १९९५ ला गायक ब्लेझ बेली. २००० च्या 'द विकर मॅन'ला तर डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही परत आलेले, म्हणजे रिएक्झाम! प्रत्येक वेळी जगाला एकच शंका : हा जमेल का?

आणि प्रत्येक वेळी जमलेलं नाही. डिकिन्सनसारख्या गळ्याला 'इन्व्हेडर्स'ने सुरुवात करायला दिली हे मला अजून पटत नाही. अख्ख्या अल्बममधलं ते जवळपास सगळ्यात कच्चं गाणं. ब्लेझला थेट अकरा मिनिटांचं 'साइन ऑफ द क्रॉस' दिलं. लोकांनी ते सोडून त्याच्या आवाजालाच नावं ठेवली आणि दोन अल्बममध्ये तो बाहेर. पुढे डिकिन्सननेच ते गाणं स्टेजवर गायलं आणि पब्लिकने डोक्यावर घेतलं. रिव्हॅल्युएशनला मार्क वाढले, पण तोवर ब्लेझ कॉलेज सोडून गेला होता.

आता निकोचं बघा. 'व्हेअर ईगल्स डेअर'. क्लाइव्ह बरसारखा लाडका ड्रमर गेलेला, त्याच्या जागी हा. आणि हॅरिस काय करतो? गिटार नाही, बास नाही, आवाज नाही. अल्बमचे पहिले क्षण फक्त नव्या माणसाला देतो. निको ड्रम्सवर एक छोटी सणसणीत फेक टाकतो आणि मग सगळा बँड त्याच्या मागून आत येतो. पुढची सहा मिनिटं त्याचा उजवा पाय एकाच पेडलवर जे काय करतो ते ऐकून शंका विचारायची कुणाची हिंमत होत नाही. माझ्या मते ही मेडनची सर्वोत्तम सुरुवात. गाणं सगळ्यात चांगलं आहे म्हणून नव्हे, तर जुन्यांनी नव्याला पहिलं बोलू दिलं म्हणून.

मला हे एवढं का लागतं ते सांगतो. मी डिप्लोमावाला. डायरेक्ट सेकंड इयरला आलो. रोल नंबर हजेरीच्या शेपटाला, बॅचेस आधीच ठरलेल्या, ग्रुप आधीच जमलेले. पहिले तीन आठवडे मला कुणी नावाने हाक मारली नाही. 'ए डिप्लोमा' एवढंच. एकदा कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावर हाच वाद रंगला होता. न राहवून मी तिथूनच म्हणालो, "आणि निको?" सगळे वळले. बोरिवलीकराने पायाने एक खुर्ची पुढे ढकलली आणि म्हणाला, "बोल." इतकंच. त्या दिवशी एम-थ्रीपेक्षा मोठा पेपर सुटला.

आता हेडफोनमध्ये सगळं शफलवर चालतं. पहिलं गाणं सातवं येतं, सातवं पहिलं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण कुणाला आधी बोलू द्यायचं हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. डिसेंबर २०२४ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, निकोने दौरे थांबवले. २०२५ पासून त्याच्या जागी सायमन डॉसन वाजवतो आहे. व्हायवा पुन्हा सुरू.

आणि हो, बोरिवलीकरा, २०१८ च्या दौऱ्यात बँडने पहिलं गाणं 'एसेस हाय' घेतलं आणि लगेच दुसरं 'व्हेअर ईगल्स डेअर'. म्हणजे हॅरिसने आपल्या दोघांनाही पास केलंय. तरी मी माझं उत्तर बदलणार नाही.

सेकंड इयरला या वर्षीही डिप्लोमावाले आलेत. शेवटच्या बाकावर बसतात. खुर्ची ढकला.