सॅमच्या पाठीवरचे ओझे

आमच्या हाउसमधली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रत इतक्या हातांतून गेली आहे की तिचे मुखपृष्ठ केव्हाच निखळले. रविवारी तिच्यावरून वाद रंगतो : या कथेचा खरा नायक कोण? बहुतेकांचे मत ॲरागॉर्नला. राजवंशातला जन्म, हातात पूर्वजांची तलवार, शेवटी डोक्यावर मुकुट! माझे मत मात्र सॅमला आहे.

सॅम हा माळी, फ्रोडो त्याचा मालक. सगळ्या प्रवासात सॅम भांडी वाहतो, रांधतो, पहारा देतो. अद्भुतकथांमधली बहुतेक राज्ये अशीच सरंजामी असतात. वर राजा, त्याखाली सरदार, सर्वांत खाली शिपाई आणि शेतकरी. कोणाची जागा कुठे, हे जन्मानेच ठरलेले. वाचताना आपण मात्र स्वतःला राजपुत्राच्याच जागी पाहतो. भांडी घासणाऱ्याच्या जागी कोणी पाहत नाही.

लेखक टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत लँकशायर फ्युजिलियर्समध्ये सिग्नल अधिकारी होता. त्या काळच्या ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याच्या दिमतीला ‘बॅटमन’, म्हणजे सेवेकरी शिपाई असे. सॅम आपल्याला सुचला तो त्या युद्धातल्या साध्या शिपायांवरून आणि बॅटमनवरून, आणि ती माणसे आपल्याहून कितीतरी सरस होती, असे टॉल्किनने पुढे सांगितले. म्हणूनच अखेरच्या चढावर फ्रोडोचे पाय थकतात, तेव्हा सॅम त्याला पाठीवर घेतो. पुढे हाच माळी शायरचा महापौर होतो, तोही निवडून आणि एकूण सात वेळा. ॲरागॉर्नला मुकुट वंशाने मिळाला. सॅमला पद लोकांनी दिले.

जॉर्ज मार्टिनच्या कथामालेतला जेमी लॅनिस्टर दुसरी बाजू दाखवतो. राजाचे रक्षण करण्याची त्याची शपथ. राजा वेडाच्या भरात सगळे शहर जाळायला निघतो. जेमी राजाला मारतो आणि जन्मभर शपथ मोडणारा म्हणून हिणवला जातो. निष्ठा एका व्यक्तीला वाहिली की असा पेच येतो. आपल्या सैन्यातली शपथ राज्यघटनेवरील निष्ठेची असते. हा फरक लहान नाही.

उतरंडच नको, असे मी म्हणत नाही. हुकूम कोणी द्यायचा हे ठरलेले नसेल तर पलटण चालणार नाही. पण १९३२ साली डेहराडूनच्या अकादमीच्या उद्घाटनात फील्ड मार्शल चेटवुड यांनी जो क्रम सांगितला, तो आठवा : आधी देश, मग आपल्या हाताखालचे जवान, आणि स्वतःची सोय सर्वांत शेवटी. सरंजामदाराचा क्रम याच्या नेमका उलटा असतो.

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री मी हेच पुस्तक वाचत पडलो होतो आणि माझे बूट एक ज्युनिअर चमकवत होता. मीच सांगितले होते. लाइट्स आउट झाले आणि त्याचे स्वतःचे बूट तसेच राहिले. सकाळी त्याला शिक्षा झाली. कारण विचारले तेव्हा त्याने माझे नाव घेतले नाही. मी दोन रांगा मागे उभा होतो. मीही गप्प राहिलो.

मैदानाला धावत चकरा मारणाऱ्या त्या मुलाकडे पाहताना कळले की सॅमचा चाहता असणे सोपे आहे. संध्याकाळी मी त्याची माफी मागितली आणि हाउसमास्तरांना खरे काय ते सांगितले. शिक्षा मलाही झाली. ती योग्यच होती.

मित्रांनो, राजे-सरदारांच्या कथा जरूर वाचा. फक्त वाचताना एक प्रश्न विचारत चला : यांचे ओझे कोण वाहतो आहे? आणि पुस्तक मिटल्यावर तोच प्रश्न आपल्या डॉर्मिटरीतही विचारा. माझे बूट आता मीच चमकवतो. पूर्वीइतके लखलखत नाहीत, पण माझे आहेत.